अलंकार ओळखताना दर वेळी तीच चूक होते? आणखी पाठांतर करण्याआधी एवढे तपासा

सदाशिव पेठेत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत गेली चौदा वर्षे मराठीची शिकवणी चालते. सकाळी आसपासच्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची मुले येतात, संध्याकाळी दहावीची. वयात आठ-दहा वर्षांचे अंतर असले तरी अलंकारांच्या प्रश्नात सगळ्यांची चूक एकाच जागी होते. ती इतक्या वेळा दुरुस्त केली आहे, की आता वहीवर नजर टाकली तरी कळते. म्हणून सगळे एकदा लिहून ठेवते.

लक्षणे

व्याख्या घडाघडा म्हणता येते, पण नवी ओळ समोर आली की हात थांबतो. पाठ केलेले उदाहरण आले तर उत्तर बरोबर येते, त्याच अलंकाराची अनोळखी ओळ आली की चुकते. चार पर्यायांतले दोन सहज खोडता येतात आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा निवडला जातो. ही जोडी बहुतेक वेळा उपमा-उत्प्रेक्षा नाहीतर उत्प्रेक्षा-रूपक असते. सोमवारी ज्या ओळीला रूपक म्हटले, तिलाच गुरुवारी उपमा म्हटले जाते. कोणतीही कविता दिली तरी ‘अनुप्रास आहे’, म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा आले आहे, हे उत्तर हमखास येते.

आणखी एक लक्षण मी समोर बसून पाहते. मुलाचे डोळे ओळ वाचत नाहीत, ओळीत काहीतरी शोधत असतात. ‘जणू’ सापडतो का, ‘सारखा’ सापडतो का. सापडला की चेहरा उजळतो आणि उत्तर लिहून टाकले जाते.

यातली दोन-तीन लक्षणे जरी तुमच्यात असली, तरी दोष स्मरणशक्तीचा नाही. आप्पा बळवंत चौकातून आणखी एक गाईड आणून तो जाणार नाही. दोष असा आहे, की तुम्ही ओळीतला शब्द ओळखता, ओळीचा दावा ओळखत नाही. कवी दोन गोष्टींबद्दल काहीतरी म्हणत असतो, आणि तो नेमके काय म्हणतो यावर अलंकार ठरतो. सूचक शब्द ही दारावरची पाटी. आत कोण राहते ते दार उघडल्यावरच कळते.

खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन-तीन फुकट आहेत आणि मिनिटभरात होतात. बऱ्याच ओळी तिथेच सुटतात.

पहिली तपासणी: ओळ मोठ्याने वाचा

नादाचे अलंकार कानासाठी असतात. मुले ते डोळ्यांनी शोधतात आणि फसतात, कारण आपल्या लिपीत काही अक्षरे एक दिसतात आणि दोन वाजतात. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणे’मधला च एकापाठोपाठ म्हणून पाहा. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात ती पुढे दातांकडे सरकते. कागदावर ‘चंद्र, चांदणे, चाफा’ हा तीन च-चा अनुप्रास दिसतो. कानाला मात्र त्यातले दोनच एका आवाजाचे लागतात. अक्षर मोजून तीन लिहिणाऱ्याला मी चूक म्हणत नाही, पण हा फरक ज्याला ऐकू येतो त्याला कविता जास्त कळते.

श्लेषात, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात तिथे, हीच गंमत आणखी वाढते. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. लिहायला एकच शब्द, उच्चार दोन. ‘जरा येता थांबलो मी’ अशी ओळ कोणी लिहिली, तर वाचताना दोन्ही अर्थ डोळ्यांसमोर येतील. म्हणणाऱ्याला मात्र एकच उच्चार निवडावा लागेल, आणि तो निवडला की दुसरा अर्थ गेला. माझ्या मते असा श्लेष फक्त कागदावरचा.

यमक तपासताना शेवटचे एकच अक्षर पाहू नका, त्याच्या आधीचा स्वरही ऐका. ‘पाऊस’ आणि ‘कापूस’ यांचे जुळते, कारण ‘ऊस’ हा सगळा आवाज परत येतो. ‘नदी’ आणि ‘गादी’ यांत नुसता ‘दी’ जुळतो, कान अर्धाच तृप्त होतो. दोन्ही ओळींच्या शेवटी तोच शब्द त्याच अर्थाने येत असेल, तर यमक त्याच्या अलीकडच्या शब्दांत शोधा. गझल वाचणाऱ्यांना हे ठाऊक असते.

आता अनुप्रासाबद्दल, कारण सर्वात जास्त खोटी उत्तरे इथेच येतात. ओळीत दोन ‘त’ आले म्हणून अनुप्रास होत नाही. ‘त्याने हाताने दाराने’ अशा ओळीत ‘ने’ तीनदा आला तरी ते प्रत्ययाचे काम आहे. ‘रिमझिम’, ‘सळसळ’, ‘खळखळ’ हे मुळात आवाजाची नक्कल करणारे शब्द. त्यांच्यातला नाद भाषेनेच दिलेला असतो. कवीने तो नाद पुढच्या शब्दांत नेला आहे का, हे पाहा. नेला असेल तर अनुप्रास खरा.

नाद कोणता आहे तेही ऐकावे. जुन्या साहित्यशास्त्राने म, न यांसारख्या अनुनासिकांचा संबंध माधुर्याशी आणि ट-ठ-ड-ढ व जोडाक्षरांचा संबंध ओजाशी लावला. अंगाई आणि पोवाडा एकामागून एक मोठ्याने म्हणून पाहिलेत, तर हे कुणी शिकवावे लागत नाही.

दुसरी तपासणी: शब्द बदला, अर्थ तोच ठेवा

ही तपासणी मला सगळ्यात प्रिय आहे. अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हे ती एका झटक्यात सांगते. काव्यशास्त्रात ही कसोटी फार जुनी आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने श्लेषाची चर्चा करताना तीच वापरली.

ओळ घ्या, मी शिकवण्यासाठी रचलेली:

मंद मुठेवर वारा
माळामाळातून मुरे

आता अर्थ न बदलता शब्द बदला. ‘हळू नदीवर झोत, पठारांत जिरतसे.’ वारा तोच, नदी तीच, म-चा गुंजारव मात्र संपला. म्हणजे तो शब्दालंकार होता. उलट ‘पर्वती ही पुण्याची उशी’ या वाक्याला ‘टेकडी हे शहराचे उसे’ असे केले, तरी टेकडीवर डोके ठेवून निजलेले शहर तसेच राहते. तो अर्थालंकार.

श्लेषही इथेच पकडला जातो.

पिंपळाचे, पोथीचेही
पान एकदाच गळे

‘पान’च्या जागी ‘पर्ण’ घाला. पिंपळाचे चालते, पोथीचे चालत नाही. एक शब्द एकदाच आला आणि दोन अर्थ उभे राहिले, म्हणून श्लेष. तोच शब्द दोनदा आला असता आणि दर वेळी वेगळ्या अर्थाने आला असता, तर जुन्या शास्त्रात त्याला यमक म्हटले असते. शाळेत यमक म्हणजे ओळीच्या शेवटचा जुळलेला आवाज इतकेच डोक्यात बसते. संस्कृतात मात्र तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे हा यमकाचा गाभा आहे. आपल्याकडे पंडित कवींनी हा खेळ मनापासून खेळला. वामनपंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव त्यातूनच पडले, आणि बारामतीला राहिलेल्या मोरोपंतांच्या आर्या यमकांसाठी गाजल्या. त्यांच्या ओळींत केवळ शेवट पाहिला तर निम्मे यमक हातून निसटते.

तिसरी तपासणी: सूचक शब्द खरोखर तुलनाच करतो आहे का?

इथे थोडे थांबावे लागेल.

सात-आठ वर्षांपूर्वी मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. सम, समान, सारखा, जसा, परी, गत, वाणी, जेवी हे शब्द उपमेचे. जणू, गमे, भासे, वाटे हे उत्प्रेक्षेचे. मुलांनी तो तोंडपाठ केला. मग सराव परीक्षेत मी एक ओळ दिली: ‘पाऊस सारखा पडतो, अंगण भरून जाते.’ अकरा जणांपैकी नऊ जणांनी उपमा लिहिली. ‘सारखा’ म्हणजे इथे सतत. कशाचीही कशाशी तुलना नव्हती. घरात आई रोज ‘सारखा मोबाइल बघू नकोस’ म्हणते तेव्हा या नऊ जणांना अर्थ बरोबर कळत होता. कवितेच्या तासाला मात्र त्यांनी घरची मराठी दाराबाहेर ठेवली होती, आणि तसे करायला माझ्याच तक्त्याने शिकवले होते. तक्ता मी त्याच संध्याकाळी काढला.

त्या यादीतला जवळजवळ प्रत्येक शब्द दुहेरी आहे. ‘वाणी’ म्हणजे सारखा, वाणी म्हणजे बोलणे आणि वाणी म्हणजे दुकानदारही. ‘गत’ म्हणजे प्रमाणे, गत म्हणजे अवस्था, गत म्हणजे होऊन गेलेले. जुन्या कवितेतला ‘जेवी’ कधी ‘जसा’ असतो, कधी चक्क जेवत असतो. ‘जसजसा पाऊस वाढला तसतसे पाणी चढले’ यात जसा-तसा आहे, पण ते प्रमाण सांगणे झाले. ‘मला वाटते, आज एसटी उशिरा येईल’ यात ‘वाटते’ आहे म्हणून उत्प्रेक्षा होत नाही.

सर्वात जास्त मुले ‘परी’ने पाडलेली मी पाहिली आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ही ओवी सगळ्यांनी ऐकलेली असते:

माझा मराठाचि बोलु कौतुकें।
परि अमृतातेंही पैजां जिंके।
ऐसीं अक्षरें रसिकें।
मेळवीन॥

‘परि’ दिसला, शेजारी ‘अमृत’ दिसले, की उत्तर उपमा. इथे परि म्हणजे ‘पण’. बोल अमृतासारखा आहे असे ज्ञानेश्वर म्हणतच नाहीत. तो पैज लावून अमृतालाही जिंकतो, असे म्हणतात. ज्याच्याबद्दल बोलायचे ते (उपमेय) ज्याच्याशी जोडायचे त्याच्या (उपमानाच्या) वर गेले, म्हणून व्यतिरेक. १२९० साली मराठी भाषेबद्दल केलेला हा एवढा मोठा दावा एका ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करून ‘सारखा’वर आणून ठेवणे मला फार लागते. जाता जाता नादही ऐका. कौतुकें, जिंके, रसिकें हे तीन शेवट जुळतात आणि चौथा ‘मेळवीन’ मोकळा राहतो. ओवीची चाल अशीच असते. म्हणून चौथ्या चरणात यमक सापडले नाही तर घाबरू नका.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. तुलना आहे, पण तिच्यात काही सौंदर्य आहे का? ‘धाकटा थोरल्यासारखा उंच आहे’ ही निव्वळ माहिती. ‘गवा गाईसारखा असतो’ अशा धर्तीच्या वाक्याला जुन्या शास्त्रकारांनीही अलंकार मानले नाही. दुसरे, भाषेत विरघळून गेलेली रूपके सोडून द्या. घाटमाथा, नदीचे पात्र, डोंगराची सोंड, खुर्चीचा पाय. घड्याळ ‘चालते’ म्हणून चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखे वागवणारा अलंकार, होत नाही. कवीने त्या मेलेल्या शब्दात पुन्हा जीव घातला असेल, म्हणजे घाटाचा माथा तापला आणि ढगाने त्यावर ओली पट्टी ठेवली असे काही लिहिले असेल, तर मात्र तो जागा झाला.

चौथी तपासणी: दोन रकाने

पेन्सिलने मध्ये रेघ मारा. डावीकडे उपमेय, म्हणजे कवी ज्याच्याबद्दल बोलतो ते. उजवीकडे उपमान, म्हणजे ज्याच्याशी जोडतो ते. ‘खडकवासल्याचे पाणी आभाळासारखे शांत’ यात डावीकडे पाणी, उजवीकडे आभाळ. दोघांत असलेला शांतपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द. चारही अंगे मिळाली तर पूर्णोपमा, एखादे गाळलेले असेल तर लुप्तोपमा.

हे बालिश वाटते म्हणून मोठी मुले टाळतात. टाळू नका. व्यतिरेकासारख्या अलंकारात कोण वर आणि कोण खाली हेच विचारलेले असते, आणि रकाने उलटे भरले तर पुढचे सगळे उलटे जाते. उजवा रकाना भरताना डाव्यातलाच शब्द पुन्हा लिहावा लागला, तर उत्तर हातातच आहे, अनन्वय.

सामासिक शब्दांत क्रम पाहा. ‘चंद्रमुख’ म्हणजे चंद्रासारखे मुख, उपमान आधी, कल उपमेकडे. ‘मुखचंद्र’ म्हणजे मुख हाच चंद्र, उपमान नंतर, कल रूपकाकडे. कमलनयन आणि नयनकमल यांचेही तसेच.

पाचवी तपासणी: दावा कोणता?

रकाने भरल्यावर विचारा: कवी या दोघांबद्दल नेमके काय म्हणतो आहे? उदाहरणे दर वेळी वेगळी असली की फरक दिसत नाही, म्हणून मी एकच जोडी घेऊन सगळे अलंकार करून दाखवते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवेघाट चढते आणि सासवडला जाते. खालून पाहिले तर वळणावळणांतून पांढरी रेघ वर सरकत असते. डावीकडे दिंडी, उजवीकडे नदी. ओळी माझ्याच आहेत, अष्टाक्षरीत बसवल्या आहेत म्हणजे पाठ होतील.

दिंडी चालते घाटात
संथ नदीच्यासारखी

दोघी वेगळ्या, एका गुणात सारख्या. उपमा.

घाट चढते ही दिंडी
जणू नदीच निघाली

कवीला ठाऊक आहे ही दिंडी आहे, पण त्याची कल्पना म्हणते ती नदीच असावी. उत्प्रेक्षा. मुले अडतात ती इथे. उपमेत साम्य घडलेले असते, उत्प्रेक्षेत ते कल्पिलेले असते. ओळीच्या शेवटी ‘असे वाटावे’ जोडून पाहा. ‘जणू नदीच निघाली असे वाटावे’ हे सहज बसते. ‘संथ नदीच्यासारखी असे वाटावे’ हे अवघडते.

दिंडी हीच एक नदी
नाम तिचे वाहे पाणी

आता ‘वाटते’ संपले. दोघी एक झाल्या, आणि एक झाल्या म्हणून नदीचे पाणीसुद्धा दिंडीत आले. रूपक. रूपक पक्के करायचे असेल तर पुढच्या ओळीकडे पाहा. तिथे उपमानाचे सामान येऊ लागते. कवीने नदी म्हटले की पाठोपाठ पाणी, काठ, पूर, होडी येतात. एका ओळीवर ठरत नसेल तेव्हा ही खूण फार उपयोगी पडते.

दिंडी नव्हे ही घाटात
लोटलेली आहे नदी

आधी नाकारले, मग दुसरे स्थापले. अपन्हुती. रूपक आणि अपन्हुती यांत या एका नकाराचा फरक. पण ‘नव्हे’ दिसला की लगेच लिहू नका. ‘दिंडी थांबणारी नव्हे’ यातही तो आहे.

नदी उताराची दासी
दिंडी चढणही चढे

साम्य गृहीत धरले आणि दिंडी पुढे गेली. व्यतिरेक. ही ओळ करताना मला स्वतःला पहिल्यांदा जाणवले, की दिवेघाटातल्या दिंडीला नदी म्हणण्यात एक अडचण आहे. नदी वर चढत नाही. व्यतिरेकाचा कवी ती अडचणच उचलतो आणि तिचे भूषण करतो.

दिंडी म्हणू की ही नदी
मन ठरेना घाटात

मन दोन टोकांत झुलत राहिले. ससंदेह.

नदी समजून गाय
आली घाटात पाण्याला

इथे झुलणे नाही. चूक झाली आणि त्या चुकीवर कृतीही झाली. भ्रांतिमान. ससंदेहात प्रश्न शिल्लक असतो, भ्रांतिमानात तो कोणी विचारलेलाच नसतो. गाय सरळ पाणी प्यायला आली.

दिंडी दिसे कशी सांगू
दिंडीसारखी दिंडीच

उजव्या रकान्यातही दिंडीच. अनन्वय. पाहा, ‘सारखी’ इथेही आहे, आणि उपमा नाही.

या आठ जोड्या वहीत उतरवून घ्या आणि मग स्वतःची जोडी निवडा. आजीचे हात आणि पिकले पान, लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी आणि मुंग्या, काहीही. आठही दावे स्वतः करून पाहा. ज्याने आठ ओळी स्वतः रचल्या तो पुढे सहसा चुकत नाही. रचना चांगली झाली नाही तरी चालते, दावा बरोबर झाला पाहिजे. एक संध्याकाळ जाते, पण सगळ्या तपासण्यांत खरा उपाय हाच.

सहावी तपासणी: वाक्ये दोन असतील तर

‘सारखा’ नाही, ‘जणू’ नाही, एकाखाली एक दोन विधाने आहेत. अशा वेळी प्रश्न एकच: दोन्ही विधाने एकाच पातळीवरची आहेत का? एका विशिष्ट गोष्टीसमोर तशीच दुसरी विशिष्ट गोष्ट आरशातल्या प्रतिबिंबासारखी ठेवली असेल तर दृष्टान्त. एक विधान खास आणि दुसरे सर्वसाधारण नियमासारखे असून एक दुसऱ्याला आधार देत असेल, तर अर्थांतरन्यास. दुसरे वाक्य सुटे काढून म्हण म्हणून वापरता येते का, ते पाहा. येत असेल तर बहुधा अर्थांतरन्यास.

सातवी तपासणी: शब्दकोश उघडा

इथपर्यंत उत्तर आले नसेल, तर बहुतेक वेळा एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थच चुकलेला असतो. ‘मित्र’ म्हणजे सूर्य, ‘जीवन’ म्हणजे पाणी, ‘कर’ म्हणजे हात, किरण आणि सरकारी पट्टी हे ठाऊक नसेल, तर श्लेष दिसणारच नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पुण्यातूनच १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने निघाला. दोन्ही आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जुन्या कवितेसाठी दुसरा जास्त कामाचा, कारण तो अर्थासोबत जुन्या वाङ्मयातले वापर देतो. शब्दाचा पहिला अर्थ पाहून कोश मिटू नका. श्लेष असतो तो तिसऱ्या-चौथ्या अर्थात.

आठवी तपासणी: अलंकार एकापेक्षा जास्त असतील तर

चांगल्या कवितेत बहुतेक वेळा असतात. शास्त्राने याचीही सोय केली आहे. दोन अलंकार एकत्र असूनही वेगळे निवडता आले, तर ती संसृष्टी. तीळ आणि तांदूळ मिसळावेत तशी. निवडता आले नाहीत, एकमेकांत मुरले, तर संकर. दूध आणि पाणी मिसळावे तसा. ‘दिंडी हीच एक नदी’ या ओळीत रूपक आहे आणि ‘द’ची आवर्तनेही आहेत, पण दोन्ही सहज सुटी करता येतात. परीक्षेत एकच पर्याय निवडायचा असेल तर काढल्यावर ओळ कोसळेल असा अलंकार प्रधान माना. नाद गेला तर ओळ कोरडी होईल. रूपक गेले तर ओळच उरणार नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

पुढच्या गोष्टी एकट्याने सोडवत बसू नका, मीही बसत नाही.

उपमा-रूपकाचा संकर. ‘मुखचंद्र उजळला’ म्हटले की चंद्र पुढे येतो आणि रूपक ठरते. ‘आईने मुखचंद्र कुरवाळला’ म्हटले की कुरवाळले जाते ते मुख, म्हणून पारडे उपमेकडे झुकते. क्रियापद कोणाला लागू पडते यावर हा निवाडा होतो. क्रियापद दोघांनाही लागू पडत असेल, तर साहित्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे जा. पुण्यात महाविद्यालयांच्या मराठी आणि संस्कृत विभागांत अशी माणसे आहेत आणि नीट विचारले तर वेळ देतात.

पाठभेद. संतांच्या आणि पंडितांच्या रचनांत एका प्रतीत एक शब्द, दुसरीत दुसरा असतो. वर दिलेल्या ओवीतही ‘पैजां’ आणि ‘पैजांसीं’ असे दोन्ही छापलेले सापडते. तिथे अर्थ बदलत नाही, पण कुठे कुठे बदलतो आणि मग अलंकारही बदलतो. कोणता पाठ मानायचा हे संशोधित आवृत्ती पाहिलेल्या माणसानेच सांगावे.

व्याख्याच दोन ग्रंथांत वेगळी असणे. यमकाचे वर सांगितलेच. दोन दिवस वाद घालण्यापेक्षा तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातली व्याख्या धरा आणि शाळेतल्या मराठीच्या बाईंना किंवा सरांना विचारून पक्की करा.

उत्तरतालिका चुकलेली वाटणे. लोकसेवा आयोग प्रथम उत्तरतालिका जाहीर करून पुराव्यासह हरकती मागवतो. मुदत थोडी असते. आधी सगळ्या तपासण्या पुन्हा करा, मग एका अनुभवी शिक्षकाला दाखवा. त्यांनाही चूक वाटली तरच हरकत घ्या, आणि सोबत मान्य ग्रंथातले पान जोडा. ‘आमच्या क्लासमध्ये असे शिकवले’ हा पुरावा होत नाही.

कोणाकडेही गेलात तरी सुटी ओळ घेऊन जाऊ नका. पूर्ण कडवे, त्याच्या आधीचे आणि नंतरचे कडवे, पुस्तकाचे नाव आणि आवृत्ती लिहून न्या. दोन रकाने भरून न्या, चुकीचे का असेनात. मागच्या महिन्यात एक मुलगी तसे घेऊन आली. तिने नदी डाव्या रकान्यात लिहिली होती. मी कागद तिच्याकडे परत सरकवला आणि कविता कोणाबद्दल आहे एवढेच विचारले. तिने खोडरबर मागितले.